गौरींच्या नैवेद्याला पुरुषांचा हात

काल अनुराधा नक्षत्रावर गौरी सोनपावलांनी घरोघरी आल्या. आज ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन. वर्षातून एकदा तीन दिवसांसाठी आलेली ही माहेरवाशीण. तिला भरजरी वस्त्र नेसवावे, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील असा नैवेद्य दाखवावा, तिचे सर्व लाड पुरवावे, ही आपली रीत. परंतु ज्या घरात हे लाड चालतात, त्याच घरातील गृहलक्ष्मी पहाटे चार वाजल्यापासून स्वयंपाकघरात उभी असते. बाहेर आरती सुरू होते तेव्हा ती वडे तळत असते. झांजांचा नाद ऐकून तेथूनच हात जोडते. पंगती उठेपर्यंत तीन वाजतात. मग तिचे पान, आणि तेही बहुधा तीच वाढून घेते.

पत्नीला आपण सहधर्मिणी म्हणतो. यजमान पूजेला बसला की पत्नी त्याच्या हाताला आपला हात लावते आणि त्या स्पर्शाने पूजेच्या पुण्यात वाटेकरी होते. मग स्वयंपाकघरात तिच्या हाताला कोणाचा हात लागतो? पूजा जर दोघांची, तर नैवेद्य तिचा एकटीचा कसा?

रांधणे हे पुरुषाचे काम नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी जगन्नाथपुरीचे स्मरण करावे. तेथील महाप्रसाद रांधणारे सुआर हे पुरुषच. आपल्याकडेही लग्नमुंजीच्या पंगतींना आचारी पुरुषच असत. (जेथे मोबदला मिळतो तेथे झारा पुरुषाच्या हाती शोभतो आणि घरी आल्यावर त्याची लाज वाटते, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.) सोवळ्याची अडचण म्हणावी, तर कद नेसून पूजेला बसता येते, तसे कद नेसून पुरणही वाटता येते.

आपल्या संतपरंपरेत तर प्रत्यक्ष देवाने घरकाम केले आहे. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईचे दळण पांडुरंगाने दळले. ते जाते गोपाळपुरात आजही भाविकांना दाखविले जाते. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन भगवंतांनी बारा वर्षे कावडीने पाणी भरले, आणि तो रांजण आजही नाथषष्ठीला भाविक भरतात. रांजणाला नमस्कार करून घरी परतलेल्या आपल्यापैकी कितीजण स्वतःचा पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतात?

पूर्वी हे ओझे वाटले जात असे, परंतु तेही स्त्रियांमध्येच. सासू, जावा, नणंदा, आत्या, शेजारची एखादी काकू अशा सात-आठ जणी मिळून सोळा भाज्या निवडीत. आता दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती एकटी आहे, अनेकदा नोकरीही करते, आणि नैवेद्याच्या यादीतील एकही पदार्थ कमी झालेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, तर पुरुष अवघे २६. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा ती मिनिटे २८९ आणि ८८ भरली. हे नित्याच्या दिवसांचे झाले. सणाचा दिवस कोणी मोजला तर काय दिसेल, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

काही सज्जन अभिमानाने सांगतात, ‘मी हिला मदत करतो.’ मदत दुसऱ्याच्या कामात करतात. घरचा कुळधर्म दुसऱ्याचा कसा? उलट, मुलाने लाटणे हाती घेतले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाच प्रथम नापसंती दर्शवितात, हेही खरे. त्यांनी जन्मभर जे सोसले ते सुनेने सोसू नये, असे त्यांनाच सर्वांआधी वाटावयास हवे.

आदल्या रात्री भाज्या निवडणे, नारळ खवणे, डाळ शिजली की पुरण वाटणे, पाने मांडणे व वाढणे, यांतील कोणत्या कामाला स्त्रीचाच हात लागतो? आज आरतीची झांज उचलण्यापूर्वी कर्त्या पुरुषाने स्वयंपाकघरात डोकवावे. ती अजून चुलीपाशी असेल तर आरती थोडी थांबवावी. माहेरवाशीण तेवढ्यासाठी रुसणार नाही. विसर्जन उद्या मूळ नक्षत्रावर आहे, पण पातेली आणि पराती मात्र आज संध्याकाळीच घासावयाच्या आहेत.