फिल्म लॉक झाली? आता कॅप्शनचं बघा!

शॉर्टफिल्म एक्सपोर्ट झाली, प्रोजेक्ट फाइल उडाली, एडिटर मित्र गावाला निघून गेला. तरीही कॅप्शन लावता येतात. तेही फुकट आणि फिल्मच्या एकाही फ्रेमला हात न लावता. मग आपण ते लावत का नाही?

फेस्टिव्हलचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजात तीच धावपळ असते. कुणाचा साउंड राहिलेला, कुणाचं कलर करेक्शन अडकलेलं, कुणाच्या हार्ड डिस्कने ऐनवेळी मान टाकलेली. पण या सगळ्या गोंधळात एक काम मात्र न चुकता होतं, ते म्हणजे इंग्रजी सबटायटल. बऱ्याच फेस्टिव्हलच्या फॉर्मवर तशी अटच असते, त्यामुळे रात्री दोन वाजता का होईना, ग्रुपमधलं कुणीतरी बसतं आणि आपल्या खणखणीत मराठी संवादांचं इंग्रजी करून टाकतं.

म्हणजे मराठी न कळणाऱ्या ज्युरीची सोय आपण केली. चांगलंच आहे. पण ज्याला मराठी उत्तम कळतं आणि फक्त ऐकू येत नाही, त्या प्रेक्षकाचं काय? त्याने मराठी माणसाची मराठी गोष्ट इंग्रजीतून वाचायची?

२०११च्या जनगणनेत देशातल्या ५० लाखांहून जास्त लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली आहे. त्यातले कित्येक जण मराठी शाळांत शिकून आपल्याच कॉलेजात येतात, आपल्याच कँटीनमध्ये वडापाव खातात. आमच्या डिपार्टमेंटमधली एक मैत्रीण श्रवणयंत्र लावते आणि समोरच्याच्या ओठांवरून बरंच ओळखते. पण स्क्रीनिंगला हॉलमध्ये अंधार असतो, पडद्यावरचं पात्र पाठमोरं बोलतं, नाहीतर नुसता व्हॉइसओव्हर चालू असतो. ती शेजारणीला विचारते, ‘काय म्हणाला?’ शेजारीण सांगेपर्यंत हॉल हसून मोकळा झालेला असतो. दोन-तीनदा विचारून झालं की ती विचारणं सोडून देते. फिल्म संपल्यावर टाळ्या मात्र वाजवते.

तुमच्या फिल्मला मिळालेल्या टाळ्यांत अशा किती असतील, जरा विचार करा.

कॅप्शन म्हणजे सबटायटल नव्हे

आपण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. सबटायटल असं धरून चालतं की प्रेक्षकाला आवाज ऐकू येतोय, फक्त भाषा कळत नाही. कॅप्शन असं धरून चालतं की आवाजच पोहोचत नाही. म्हणून कॅप्शनमध्ये संवादांसोबत बाकीचं ऐकू येणारंही लिहावं लागतं. [दारावर थाप], [लांबून ट्रेनचा भोंगा], [फोन व्हायब्रेट होतो], पडद्याबाहेरून कुणी बोललं तर [आई, आतल्या खोलीतून]. हॉरर शॉर्टफिल्ममध्ये पावलांचा आवाज लिहिलाच नाही, तर नायिका अचानक का दचकली हे कळणार कसं?

आता ‘क्लोज्ड’ म्हणजे काय? तर बंद ठेवता येणारं. १९७२ साली अमेरिकेत ‘द फ्रेंच शेफ’ हा स्वयंपाकाचा कार्यक्रम चित्रावरच छापलेल्या कॅप्शनसह दाखवला गेला. ती सगळ्यांनाच दिसायची, म्हणून ‘ओपन’. पुढे १९८०मध्ये तिथे क्लोज्ड कॅप्शन सुरू झाली. सिग्नलमध्ये मजकूर लपलेला असायचा आणि टीव्हीला वेगळा डबा जोडला तरच दिसायचा. आज त्या डब्याचं काम प्लेअरवरचं ‘सीसी’चं छोटंसं बटण करतं. ज्याला हवं त्याने दाबावं, नको त्याने दाबू नये.

त्यामुळे ‘माझी फ्रेम खराब होते’ ही सिनेमॅटोग्राफर मंडळींची तक्रार इथेच निकालात निघते. तुमची फ्रेम जशीच्या तशी राहते. कॅप्शन वेगळ्या फाइलमध्ये असतात.

तयार फाइलला ट्रॅक लावायचा कसा?

मुळात कॅप्शनची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे एसआरटी. तिच्यात प्रत्येक कॅप्शनला एक नंबर असतो. त्याखाली कधी दिसायचं आणि कधी जायचं याची वेळ, त्याखाली मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. झालं. वेळ तास, मिनिटं, सेकंद अशी लिहायची आणि स्वल्पविराम देऊन पुढे तीन आकडी मिलिसेकंद. एक लक्षात ठेवा, मजकूर मराठीत असला तरी वेळेचे आणि नंबरचे आकडे इंग्रजी अंकांतच हवेत, नाहीतर प्लेअरला ते कळत नाहीत.

हे सगळं हाताने टाइप करायची गरज नाही. ‘सबटायटल एडिट’ आणि ‘एजीसब’ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. व्हिडिओ उघडा, आवाजाची लाट खाली दिसते, ती बघून संवाद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पकडा आणि मजकूर टाका. संवाद तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये आधीच लिहिलेले असतात. सेटवर नटाने जे बदललं तेवढंच दुरुस्त करायचं. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, आणि वाचून होण्याआधी ओळ पळता कामा नये. दहा मिनिटांच्या फिल्मला एक-दोन संध्याकाळी पुरतात.

फाइल तयार झाली की पुढचे तीन रस्ते.

पहिला, यूट्यूब. तिथे चढलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, पण कॅप्शन कधीही जोडता येतात. यूट्यूब स्टुडिओत जा, सबटायटलच्या विभागात भाषा मराठी निवडा, ‘टायमिंगसह’ हा पर्याय घेऊन एसआरटी अपलोड करा. लिंक तीच राहते, व्ह्यूज तेच राहतात. तीन वर्षांपूर्वीच्या फिल्मलाही हे आज रात्री करता येईल.

दुसरा, पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपवरचं स्क्रीनिंग. व्हिडिओ आणि एसआरटी एकाच फोल्डरमध्ये ठेवा, दोन्हींना अगदी एकच नाव द्या. व्हीएलसी प्लेअर कॅप्शन आपोआप उचलतो.

तिसरा, ट्रॅक व्हिडिओच्या फाइलमध्येच बसवणं, म्हणजे सुटी फाइल हरवायची भीती नाही. ‘एमकेव्हीटूलनिक्स’मध्ये फिल्म आणि एसआरटी दोन्ही टाकायच्या आणि एक एमकेव्ही फाइल बनवायची. यात व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे क्वालिटी रतीभर कमी होत नाही आणि कामही पटकन होतं. एमपीफोरच हवी असेल तर ‘हँडब्रेक’ आहे. तिथे ट्रॅक सुटा ठेवायचा की चित्रावर कायमचा छापायचा असे दोन्ही पर्याय मिळतात. मात्र हँडब्रेक व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतं, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा. रील आणि स्टेटससाठी मजकूर चित्रावर छापलेलाच बरा, कारण तिथे सुट्या ट्रॅकचा भरवसा नाही.

मराठीची खास दुखणी

इथे तीन ठिकाणी हमखास ठेच लागते.

एक, फॉन्ट. स्क्रिप्ट डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून घेतली असेल तर ती कॅप्शनमध्ये कॉपी-पेस्ट केल्यावर नुसती अक्षरांची भेळ दिसते. मजकूर युनिकोडमध्येच हवा आणि फाइल ‘यूटीएफ-८’ निवडूनच सेव्ह करायची. नाहीतर पडद्यावर संवादांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

दोन, वेळ. कॅप्शन बनवल्यानंतर तुम्ही सुरुवातीला पाच सेकंदांचा लोगो जोडलात, तर सगळी कॅप्शन पाच सेकंद आधी येणार. घाबरू नका, सगळ्या ओळी एकदम पुढे सरकवायची सोय असते. पण सुरुवातीला बरोबर आणि हळूहळू जास्त जास्त चुकत जात असेल, तर फ्रेमरेटचा घोळ आहे. २४ फ्रेमची फिल्म २५ने चालवली, तर दहा मिनिटांच्या शेवटी २४ सेकंदांचा फरक पडतो. हीरो मेल्यावर त्याचा शेवटचा संवाद दिसला तर कसं वाटेल?

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोली. तुमचं पात्र वऱ्हाडीत ‘काय करून राह्यला बे’ म्हणत असेल तर कॅप्शनमध्ये ‘काय करतो आहेस’ लिहू नका. मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी, जे तोंडात आहे तेच कागदावर यायला हवं. शिवी ऐकू येते तर ती दिसायलाही हवी. ऐकू येणाऱ्याला जे पात्र भेटलं, तेच वाचणाऱ्यालाही भेटलं पाहिजे. प्रमाण मराठीत धुऊन काढलेलं पात्र त्याच्या माथी का मारायचं?

याच कारणासाठी ‘मशीन करतंय की आपोआप’ हे उत्तर पुरत नाही. पहिला कच्चा खर्डा म्हणून आपोआप बनलेली कॅप्शन वापरा, बिलकुल हरकत नाही. पण बोलीभाषा, गावांची नावं, एकमेकांवर बोलणारी दोन पात्रं, मागे वाजणारा ढोल या सगळ्यात मशीन गडबडतं. मशीनने लिहिलेली प्रत्येक ओळ माणसाने एकदा ऐकून तपासायलाच हवी.

हा उपकार नाही

‘चांगला विचार आहे, जमलं तर करू’ असं म्हणून हा विषय सोडून देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ४२मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमं सर्वांना वापरता यावीत यासाठी क्लोज्ड कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन यांची व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जानेवारी २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन, हिंदी सबटायटल आणि ध्वनिवर्णन तयार करायला निर्मात्यांना सांगितलं. याचिका करणाऱ्यांत एक लॉचा विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच कॉलेजला जाणारा. मार्च २०२४मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या सिनेमांसाठीही मार्गदर्शक तत्त्वं आणली. उद्या तुम्ही या इंडस्ट्रीत नोकरी मागायला जाल तेव्हा हे काम येतंय का असं विचारलं जाईल. आत्ताच शिकलात तर फायदा तुमचाच.

कॅप्शनने सगळं सुटतं असंही नाही. अनेक कर्णबधिर मुलामुलींची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. त्यांच्यासाठी दुभाषी लागतोच, विशेषतः फिल्मनंतरच्या गप्पांना. पण दुभाषी आणता आला नाही म्हणून जे दोन संध्याकाळींत आणि शून्य रुपयांत होतं तेही करायचं नाही, हे काही पटण्यासारखं नाही.

आणि कॅप्शन फक्त त्यांच्याच कामाची आहेत असंही नाही. लोकलमध्ये हेडफोन विसरलेले तुम्ही, रात्री आजी झोपल्यावर आवाज बंद करून लेक्चर बघणारे तुम्ही, परराज्यातून येऊन मराठी शिकणारा तुमचा रूममेट. ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून मांडलेली कल्पनाही हीच, जी भाषा ऐकू येते तीच पडद्यावर लिहून दाखवायची. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’तल्या गाण्यांवर ती वापरली गेली, कारण गाणं गुणगुणता गुणगुणता वाचनाचा सराव होतो.

मग करायचं काय?

फिल्म क्लबवाल्यांनो, यंदाच्या स्पर्धेच्या नियमांत एक ओळ वाढवा: मराठी फिल्मसोबत मराठी कॅप्शनची फाइल बंधनकारक. इंग्रजी सबटायटलची अट सगळे मुकाट पाळतात, ही पण पाळतील. स्क्रीनिंगला कॅप्शन चालू ठेवा.

मास मीडियाच्या मुलामुलींनो, आपल्या सरांना-मॅडमना सांगा की प्रोजेक्टच्या मार्कांत कॅप्शनला वेगळे मार्क ठेवा. मार्क असले की आपण काय काय करतो हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

ज्यांच्या फिल्म आधीच यूट्यूबवर पडून आहेत, त्यांनी एकच फिल्म निवडा, सगळ्यात छोटी. एसआरटी बनवा, चढवा. मग आवाज पूर्ण बंद करून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. गोष्ट कळली? तर काम झालं. नाही कळली, तर कुठे अडलं ते लिहून काढा, तिथली ओळ सुधारा आणि मग आपल्या वर्गातल्या त्या मित्राला किंवा मैत्रिणीला लिंक पाठवा, जिला आजवर तुम्ही नुसतंच ‘भारी झालीये, बघायला हवीस’ असं सांगत आलात.