दात पोटात गेला की श्वासात?



सहा-सात वर्षांचे लेकरू जेवताना हलता दात गिळून टाकते आणि घरात एकच रडारड होते. आपल्या सांडोरच्या वस्तीत काय किंवा विरारच्या चाळीत काय, सल्ले तेच. केळी चारा, एरंडेल द्या, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढा. वर एखादी आजी म्हणते, दात उंदराला दिला नाही, आता नवा नीट येणार नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे, यातले काहीही करू नका.

दुधाच्या दाताचे मूळ झिजते तेव्हाच तो पडतो. हा एवढासा दात पोटात गेला तर बहुधा काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. नवा दात हिरडीत आधीच तयार होत असतो. जुना छपरावर गेला की पोटात, याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून रोजगार बुडवून धावपळ नको. पोट दुखले, उलट्या झाल्या किंवा घास उतरेना, तर मात्र डॉक्टर गाठा.

भीती आहे ती दात श्वासनळीत जाण्याची. ओकारी काढू नका म्हणतो ते याचसाठी, वर आलेला दात तिकडे जाऊ शकतो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारा. तरी सुटले नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर पाच झटके द्या, मग पुन्हा थापा. घशात बोट घालून चाचपू नका. दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

फसवते ते पुढेच. ठसका लागतो, मूल शांत होते, आपण सुटलो म्हणतो. मग खोकला हटत नाही, छातीत शिट्टी वाजते, ताप येतो. अशा वेळी खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका, 'दात गेला होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक्स-रेत दात दिसतो, दुर्बिणीने काढता येतो. बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय तर सांडोरमध्येच आहे.

आणि दाताचा हा धीर खेळण्यातल्या चपट्या गोल सेलला लावू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तेव्हा रात्र असो, पगार व्हायचा असो, त्याच पावली निघा.