सरासरी नफ्याची की भावाची?

2012 च्या उन्हाळ्यात सेसा गोवाचा शेअर मागच्या वर्षीच्या नफ्याच्या साधारण सहापट भावाला मिळत होता. कंपनीवर कर्जाचा मोठा बोजा नव्हता, खनिज निर्यातीत तिचं नाव मोठं होतं आणि पीई एक आकडी होता. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला गोवा सरकारने राज्यातलं खाणकाम थांबवलं, आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केलं. ज्या नफ्याच्या आधारे शेअर स्वस्त ठरला होता, त्या नफ्याचा उगमच बंद पडला.

चक्रीय उद्योगांत पीई उलटा वाचायचा असतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाव तेजीत असला की नफा फुगतो, भाजक मोठा होतो आणि पीई आकसतो. त्यामुळे एका वर्षाचा नफा सोडून महागाई वजा केलेल्या दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर खाण कंपनी जोखण्याची पद्धत अलीकडे संशोधन अहवालांत रूढ होते आहे. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलली तर खाणीच्या शेअरला ती मानवत नाही. सेसाचंच उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. ग्रॅहॅम आणि डॉड यांनी 1934 साली ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’मध्ये किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांचा सरासरी नफा धरावा, असं सुचवलं. कॅम्पबेल आणि शिलर यांनी 1988 मध्ये त्यात महागाईची दुरुस्ती घातली आणि ती अमेरिकेच्या बाजार निर्देशांकाला लावली. हाच आपला केप. डिसेंबर 1999 मध्ये तो 44 वर गेला होता, मार्च 2009 मध्ये 13 च्या आसपास होता. त्याच 2009 मध्ये एस अँड पी 500 चा साधा पीई शंभरीपार गेला होता, कारण बँकांच्या तोट्यांनी निर्देशांकाचा एकूण नफाच गिळला होता. साधा पीई बाजार महाग म्हणत होता, केप स्वस्त म्हणत होता, आणि केपचं बरोबर ठरलं.

ते बरोबर ठरलं त्याचं कारण पद्धतीइतकंच निर्देशांकातही आहे. निर्देशांक स्वतःला सतत नवा करत राहतो. मेलेल्या कंपन्या बाहेर जातात, नव्या येतात, एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्याने भरतो. त्यामुळे गेल्या दहा वर्षांची कमाई पुढच्या दहा वर्षांविषयी काहीतरी सांगते, असं म्हणायला आधार असतो. खाणीत तो आधार नाही. गेल्या दहा वर्षांत जे विकलं ते जमिनीतून गेलं, परत येणार नाही. खाणीच्या नफ्यात भांडवलाची परतफेड मिसळलेली असते, हे ब्रिटिश खाण अभियंता हॉस्कोल्ड याने 1877 मध्येच ओळखलं होतं. उत्पन्नातला काही भाग बाजूला ठेवून खाण संपेपर्यंत मूळ भांडवल पुन्हा उभं करायचं, असं त्याचं सूत्र. दीडशे वर्षांनंतर आपण ते विसरून खाणीला साबणाच्या कंपनीच्या मापाने मोजतो.

आता सेसा. कंपनीचा एकत्रित निव्वळ नफा 2009-10 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपये, 2010-11 मध्ये सुमारे 4,200 कोटी, 2011-12 मध्ये सुमारे 2,700 कोटी. 2012 मध्ये कोणी दहा वर्षांची सरासरी काढली असती, तर आधीच्या किरकोळ वर्षांमुळे ती या आकड्यांच्या बरीच खाली आली असती आणि शेअर सहापट भावाचा दिसला नसता. तेवढं संरक्षण पद्धतीने दिलंच असतं.

पण त्या सरासरीच्या आत काय काय होतं ते पाहू. पहिलं म्हणजे शेअरची गणती. ऑगस्ट 2008 मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एक रुपयाचे दहा भाग झाले, वर एकास एक बोनस. म्हणजे त्याआधीच्या ईपीएसला 20 ने भागावं लागतं. हे ज्याचं चुकेल त्याचं पुढचं सगळंच चुकेल. दुसरं, उत्पादन. जून 2009 मध्ये सेसाने 1,750 कोटींना डेंपोंचा खाण व्यवसाय घेतला. चारेक वर्षांत टनांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला आणि ते नेमकं भाव चढते असताना. तिसरं, 2011 मध्ये केर्न इंडियातला सुमारे 20 टक्के हिस्सा आला, म्हणजे लोखंडाच्या नफ्यात राजस्थानचं तेल मिसळलं. चौथं, निर्यात शुल्क फेब्रुवारी 2011 मध्ये 20 टक्के आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 30 टक्के झालं. सरासरीतल्या जुन्या वर्षांत हा बोजा नव्हता.

पाचवी बाब सगळ्यांत जड आहे. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणपट्टे 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपले होते असं ठरवलं. म्हणजे तिथपासून 10 सप्टेंबर 2012 पर्यंतचं खाणकाम बेकायदा. सरासरी उंचावणारी वर्षं बहुतेक याच काळातली. पोर्तुगीज काळातल्या सवलतींचं 1987 च्या कायद्याने पट्ट्यांत रूपांतर झालं होतं आणि त्यांच्या मुदतीचा प्रश्न कागदोपत्री उघडा होता. तो वाचण्यासाठी शेअर बाजाराच्या डेटाबेसची गरज नव्हती, पणजीच्या एखाद्या वकिलाकडे बसावं लागलं असतं. दहा वर्षांचा सरासरी ईपीएस पट्ट्याची मुदत सांगत नाही, आणि खाणीच्या मूल्यातला पहिला प्रश्न तोच असतो. पुढे 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने 88 पट्ट्यांचं दुसरं नूतनीकरणही रद्द केलं आणि मार्चच्या मध्यात गोवा पुन्हा थांबला.

मग दीर्घ सरासरी टाकून द्यायची का? नाही. आमचं म्हणणं एवढंच की सरासरी नफ्याची नव्हे, भावाची काढावी. खाणीच्या हिशेबात चक्राकार फिरतो तो भाव. टन, खर्च, रॉयल्टी, कर, शेअरची संख्या हे सगळं एका दिशेने सरकत असतं. त्यांची सरासरी काढली की जी खाण आज अस्तित्वातच नाही तिचा नफा हाती येतो. म्हणून धातूचा दीर्घकालीन खरा भाव घ्यावा आणि तो आजच्या टनांतून, आजच्या खर्चातून, आजच्या करांतून फिरवावा.

काल्पनिक आकडे घेऊ. पहिली पाच वर्षं खनिजाचा खरा भाव टनाला 60 डॉलर, खर्च 40, उत्पादन एक कोटी टन: वर्षाला 20 कोटी डॉलर. नंतरची पाच वर्षं भाव 120, खर्च 70, उत्पादन दोन कोटी टन: वर्षाला 100 कोटी. नफ्याची सरासरी 60 कोटी. आता भावाची सरासरी 90 घेऊन आजचा 70 चा खर्च वजा केला आणि दोन कोटी टनांनी गुणलं, तर येतात 40 कोटी. नफ्याची सरासरी दीडपट फुगलेली निघाली, कारण चढा भाव आणि जास्त टन एकाच वेळी आले होते. ते नेहमी एकाच वेळी येतात. तेजीतच कंपन्या विस्तार करतात आणि शेजाऱ्यांच्या खाणी विकत घेतात. आणि न्यायालयाने वा सरकारने उत्पादनाला टोपी घातली, ते पुन्हा एक कोटीवर आलं, तर उरतात 20 कोटी. गोव्यात 2014 च्या निकालाने अख्ख्या राज्याला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातलीच होती.

भावाच्या सरासरीलाही दहा वर्षांचं कुंपण पुरत नाही. लोहखनिजाचा हाजिर भाव फेब्रुवारी 2011 मध्ये 190 डॉलरच्या घरात होता, डिसेंबर 2015 मध्ये 40 च्या खाली आणि मे 2021 मध्ये 230 च्या वर. चीनच्या मागणीने उठलेली लाट 2003-04 पासून सुमारे दशकभर चालली. 2013 मध्ये मागे वळून पाहणाऱ्याच्या दहाही वर्षांत फक्त तेजीच सापडली असती. वीस-पंचवीस वर्षांची माहिती मिळत असेल तर ती घ्यावी. हा भाव 62 टक्के लोह असलेल्या मालाचा आहे, हेही विसरू नये. गोव्यातला बराच माल त्याहून हलका. त्याला मिळणारी सूट चीनच्या पोलाद गिरण्यांच्या नफ्यानुसार रुंदावते आणि आकसते. कंपनीला प्रत्यक्ष मिळालेला भाव हाच खरा.

महागाई कोणत्या निर्देशांकाने वजा करायची, यावर आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. अनेक जण सवयीने घाऊक किमतींचा निर्देशांक लावतात. त्याच्या टोपलीत खनिजं, धातू, इंधन हेच तर आहे! धातू कोसळले की तोही खाली येतो. 2015-16 मध्ये त्यावरून मोजलेला महागाईचा दर शून्याखाली होता. म्हणजे ज्या गोष्टीचा चढउतार मोजायचा तिनेच मोजपट्टी आखूड-लांब होते. ग्राहक निर्देशांक बरा, पण देशाचा एकत्रित ग्राहक निर्देशांक 2011 पासूनच मिळतो. त्यामागे जायचं तर औद्योगिक कामगारांची मालिका घ्यावी लागते आणि 2001 व 2016 या पायावर्षांना जोडणारा 2.88 हा गुणक वापरायला विसरून चालत नाही. निर्यातीच्या खनिजासाठी आम्हाला सोपा मार्ग दिसतो तो असा: भाव डॉलरमध्येच ठेवावा, अमेरिकेच्या ग्राहक निर्देशांकाने आजच्या डॉलरमध्ये आणावा, आणि शेवटी एकदाच आजच्या विनिमय दराने रुपये करावेत.

राइट-ऑफचा वाद जुना आहे. ‘एकवेळचा’ म्हणून तो वगळायची कंपन्यांना फार घाई असते. रिओ टिंटोने 2007 मध्ये अल्कान 38 अब्ज डॉलरला घेतली. पुढे अॅल्युमिनियमवर राइट-डाउनमागून राइट-डाउन आले आणि 2012 चं वर्ष तर निव्वळ तोट्यात गेलं. हे सगळं वगळून सरासरी काढली तर ते भांडवल कधी खर्च झालंच नाही असं ठरतं. आमच्या मते ते धरावं, पण दहा वर्षांवर पसरून. बाकी घसारा जुन्या किमतीवर लावलेला असतो आणि ईपीएसला महागाईने गुणल्याने तो दोष जात नाही. डंपर, शॉव्हेल आणि क्रशर बदलायला आज किती लागेल, हा आकडा व्यवस्थापनाला विचारून घ्यावा.

शेवटचा टप्पा पटीचा. सामान्य वर्षाची कमाई मिळाली, आता तिला कितीने गुणायचं? महागाई वगळून आठ टक्के परतावा हवा असेल, तर कायमच्या रोकड प्रवाहाला साडेबारा पट द्यावी लागते. तीस वर्षं चालणाऱ्या खाणीला सव्वाअकरा, पंधरा वर्षांच्या खाणीला साडेआठ, दहा वर्षांच्या खाणीला जेमतेम पावणेसात. ही पट रोकडीला लावायची, म्हणजे घसारा परत मिळवून आणि खाण चालू ठेवायला लागणारा भांडवली खर्च वजा करून. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही यातूनच जायला हवा. बाजार निर्देशांकाच्या केपची सरासरी घेऊन खाण महाग की स्वस्त ठरवणाऱ्याने पंधरा वर्षांच्या खाणीला अमरत्व बहाल केलेलं असतं.

आज हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडची जुनी वर्षं अजूनही शांत बसलेली नाहीत. 25 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने रॉयल्टी हा कर नाही आणि खनिजधारक जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असं ठरवलं. 14 ऑगस्टच्या आदेशाने 1 एप्रिल 2005 पासूनच्या मागण्यांना वाट मोकळी केली. भरणा 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. ज्या राज्यांनी असे कर लावले आहेत तिथल्या कंपन्यांचा गेल्या वीस वर्षांचा जाहीर झालेला नफा हा अंतिम नफा नाही. त्याची सरासरी चार दशांश स्थळांपर्यंत काढण्यात हशील नाही. पुढच्या बारा वर्षांचे हप्ते आजच्या मूल्यातून वजा करावेत.

एनएमडीसीसारख्या सरकारी कंपनीचंही तसंच. कर्नाटकातली दोणीमलाई खाण नूतनीकरणाच्या प्रीमियमवरून नोव्हेंबर 2018 मध्ये थांबली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून 15 टक्के रॉयल्टीवर आणखी साडेबावीस टक्के द्यावे लागतात. या बोजाआधीची वर्षं सरासरीत जशीच्या तशी घातली तर ती आजच्या भागधारकाच्या हाती पडणाऱ्या पैशांविषयी काही सांगत नाहीत. शिवाय नगरनार पोलाद प्रकल्पाचं विभाजन आणि डिसेंबर 2024 चा एकास दोन बोनस हे दोन्ही ईपीएसच्या मालिकेत दुरुस्त करायचे आहेत.

स्वतःच्या खाणी असलेल्या खासगी पोलाद कंपन्यांचा विचार मात्र यापुढे वेगळा करावा लागेल. 2015 च्या दुरुस्तीनंतर अशा बंदिस्त वापराच्या जुन्या पट्ट्यांची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत किंवा मूळ पट्ट्याची पन्नास वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर. पुढे लिलाव आहे आणि लिलावातल्या खाणींवरचा प्रीमियम काय असतो हे आपण ओडिशात पाहिलं आहे. या कंपन्यांच्या कोणत्याही दहा वर्षांच्या सरासरीत केवळ रॉयल्टी भरून मिळालेलं खनिज आहे. त्यांच्या मूल्यांकनाचे जे तक्ते आमच्याकडे छपाईसाठी येतील, त्यांत 2030 आधीचा आणि नंतरचा टनामागचा खनिज खर्च असे दोन वेगळे रकाने असावेत, आणि प्रत्येक पट्ट्यासमोर त्याची अखेरची तारीख.