रोहिणखेडची मशीद कोणत्या बाजूची?

जुन्या मशिदीचा विषय निघाला की अलीकडे पहिला प्रश्न येतो तो तिच्याखाली काय होते हा. ती कोणी आणि कोणत्या राजकारणात उभारली, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड त्यासाठी पाहण्याजोगे आहे.

मोताळा तालुक्यातील हे गाव घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. खानदेशातून वऱ्हाडच्या पठाराकडे चढणाऱ्या सैन्याची ही वाट. १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खान फारुकीला येथेच पराभूत केले. दोन्ही बाजू मुसलमान सत्तांच्याच होत्या.

येथील लहानशी पण देखणी मशीद १५८२ ची. वऱ्हाड निजामशाहीत सामील होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. ती बांधणारा खुदावंद खान महदवी. याच सरदाराने आदल्या वर्षी साखरखेर्ड्यालाही मशीद उभारली होती. महदवी म्हणजे सय्यद मुहम्मद जौनपुरींना ‘महदी’ मानणारा पंथ. सनातनी उलेमांच्या लेखी तो पाखंडच. अहमदनगरमध्ये जमाल खान या महदवी सरदाराने बाल इस्माईलला गादीवर बसवून सत्ता हाती घेतली, तेव्हा इस्माईलचा बापच, बुऱ्हाण निजामशहा, खानदेशच्या राजा अली खानाला बरोबर घेऊन चालून आला. १५९१ मध्ये रोहिणखेडला लढाई झाली आणि जमाल खान तेथेच मारला गेला. म्हणजे ज्या गावात महदवी सरदाराने मशीद बांधली, त्याच गावात नऊ वर्षांनी महदवींची सत्ता बुडाली. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ हा सोपा हिशेब या वास्तूला लागू पडत नाही.

ही मशीद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच करता येते. दाटीवाटीच्या खेड्यात हा निर्बंध जाचतोच. त्याच्या बदल्यात गावाला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. लोणार आणि सिंदखेड राजा पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या वाटेवर रोहिणखेडचे नाव आले आणि १४३७, १५८२, १५९१ ही तीन साले मराठीत लिहिलेला एक फलक मशिदीपाशी लागला, तरी त्या प्रश्नाचे थोडे उत्तर मिळेल. खर्च म्हणावा तर किरकोळच.