राक्षसाचे बळ आणि सूत्रधाराची दया

आम्ही मराठी शिकवणाऱ्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वर लिहावे, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु चारपाच जणांनी एका मेजाभोवती बसून, फाशांच्या साक्षीने, आधी न लिहिलेली कथा रचत जावी, हा प्रकार कथनमीमांसेच्या अभ्यासकाला परका वाटू नये. त्यात एक प्रश्न असा आहे, की त्यावर आमचे मित्रांशी नेहमी वाजते: राक्षस नायकांना भारी पडू लागला, तर सूत्रधाराने त्याचे बळ गुपचूप कमी करावे काय?

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांनी 1974 साली प्रसिद्ध केला. त्या मूळ रूपात काठिण्याची किल्ली बऱ्याच अंशी खेळाडूंच्या हाती होती. भुयाराचा मजला जितका खोल, तितके तिथले प्राणी भयंकर. किती खाली उतरायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पुढे 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला 'चॅलेंज रेटिंग' मिळाले आणि हा हिशेब सूत्रधाराच्या वहीत गेला.

हिशेब म्हटला की तो चुकणारच. 2014 सालच्या नियमांत एका गॉब्लिनचे 50 गुण. चार गॉब्लिनांचे 200. पण संख्येने मिळणारे बळ लक्षात घेऊन ते दुप्पट धरायचे, म्हणजे 400. पहिल्या पातळीच्या चार नायकांसाठी 'प्राणघातक' चकमकीची मर्यादा नेमकी 400च. 2024 सालच्या मार्गदर्शिकेने हा गुणक काढून टाकला. आता तेच 200 गुण त्याच चौघांसाठी सर्वांत सौम्य श्रेणीत बसतात. दहा वर्षांत गॉब्लिन काही इतके मवाळ झाले नाहीत! आकडा हे भाकीत आहे, निवाडा नव्हे, एवढेच ह्यातून दिसते. एकटा ओगर एका फेरीत एकदाच सोटा हाणतो, पण 2014 च्या नियमांनी त्याची सरासरी इजा 13. आठ हिट पॉइंटांचा नवखा जादूगार एका फटक्यात आडवा. चार गॉब्लिन चार वेळा वार करतात, तेव्हा मार पसरतो, पण थांबत नाही. ही दोन संकटे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आम्हीही एकदा पाप केले आहे. शनिवारच्या आमच्या खेळात एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच आली होती. तिचे पात्र मरणार असे दिसताच आम्ही पडद्याआड ओगरचे वीसेक हिट पॉइंट खोडले. तो कोसळला, टाळ्या पडल्या. नंतर तिने शांतपणे विचारले, "सर, तो खरंच मेला का?" आम्ही हो म्हणालो. पुढच्या शनिवारी ती बेधडक पुढे घुसू लागली. कशालाही घाबरण्याचे कारण उरले नव्हते आणि ते कारण आम्हीच काढून घेतले होते.

ह्यावर मित्र म्हणतात की गायगॅक्सनेच फासा बाजूला सारण्याचा हक्क सूत्रधाराला दिला आहे. दिला आहे खरा. परंतु 1979 सालच्या त्याच्या मार्गदर्शिकेतील विवेचन नीट वाचावे. शहाणपणाने खेळूनही केवळ दुर्दैवाने मरणाऱ्या पात्राला मृत्यूऐवजी बेशुद्धी किंवा एखादे अपंगत्व द्यावे, असा त्याचा रोख आहे. मूर्खपणाने वागणाऱ्याला मात्र फाशांच्याच हवाली करावे. म्हणजे किंमत बदलते, माफ होत नाही. शिवाय ती सर्वांसमोर चुकवली जाते.

सूत्रधाराची स्वतःचीच मोजणी चुकली असेल तर? मग ती उघड कबूल करावी. प्रश्नपत्रिकेत चूक निघाली तर ती जाहीर करून सर्वांनाच गुण देतात. पर्यवेक्षक एकाच्या कानात उत्तर सांगत नाही. आणि पुष्कळदा आकड्याला हात लावण्याची गरजही नसते. 1981 सालच्या 'बेसिक' संचात प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा एक अंक होता. साथीदार पडू लागले की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या अंकाहून जास्त आली की राक्षस पळ काढी किंवा शरण येई. ही काठिण्य कमी करण्याचीच युक्ती, पण कथेच्या आतली. गॉब्लिनाला जीव प्यारा असतो, ओगरला लाच चालते, नायकांना कैद करून खंडणी मागता येते. त्यातून पुढचे प्रकरण निघते. पुसलेल्या आकड्यातून काहीच निघत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही दोन महिन्यांनी खरे सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." आता आमच्या मेजावर पडदा नसतो. गेल्या महिन्यात तिचे पात्र एका ट्रोलच्या हातून मेले. आग किंवा आम्ल ह्यांखेरीज त्याच्या जखमा भरून येणे थांबत नाही, हे तिला ठाऊक होते. मशाल मात्र आधीच्या खोलीत राहिली होती. नवे पात्र तयार करताना तिने सामानाच्या यादीत पहिल्याच ओळीत दहा मशाली लिहिल्या.