एव्हरेज विचारण्याआधी काटा कुठे असतो ते विचारा



आपल्या बॅचमध्ये स्वतःची गाडी असलेला दुकानदार असला की एक तक्रार हमखास येते. "सर, गाडी ठीक आहे हो, पण ड्रायव्हर डिझेल खातो." त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं असतं. "मी सांगूनच टाकलंय, एव्हरेज 14 च्या खाली आलं तर पगारातून कापणार." या विषयावर व्हिडिओत बोललो, पण तिथे आकडे नीट मांडता येत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. टर्बो डिझेल गाडी चालवणाऱ्या माणसाला फक्त एव्हरेजवर तोलू नका. त्या एका आकड्याच्या भीतीने तो गाडी चुकीची चालवायला लागतो, इंजिनाची वाट लागते आणि एखाद्या दिवशी जिवावर बेततं. या इंजिनाची ताकद कुठे येते, हे त्याला आधी शिकवा. एव्हरेज मग आपोआप सुधारतं.

ताकद नेमकी कुठे असते?

2018 ची मारुती स्विफ्ट घ्या. गाडी एकच, इंजिनं दोन. 1.2 लिटर पेट्रोलची पॉवर 83 पीएस, ती मिळते 6000 आरपीएमला. टॉर्क 113 न्यूटन-मीटर, तो 4200 ला. आता डिझेल बघा. 1.3 लिटर, पॉवर 75 पीएस, 4000 आरपीएमला. टॉर्क 190 न्यूटन-मीटर, आणि तो फक्त 2000 ला. म्हणजे कागदावर पॉवर पेट्रोलची जास्त, पण गाडी ओढायची ताकद डिझेलची दीडपटीहून जास्त, आणि तीही निम्म्याहून कमी आरपीएमवर.

हे इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगात होतं, टाटाच्या व्हिस्टात होतं, आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण सेकंड हँड बाजारात त्या अजून भरपूर आहेत, आणि छोटा धंदेवाला बहुतेक वेळा तिथूनच गाडी उचलतो.

आता ही ताकद येते कुठून? इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ओढ जास्त. पण धुराचा जोर यायला इंजिन थोडं फिरलेलं असावं लागतं. साधारण 1500 आरपीएमच्या खाली टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. पाय दाबला तरी तो जागा व्हायला क्षणभर लागतो. त्यानंतर एकदम जोर येतो. आणि 3000-3500 च्या पुढे नुसता आवाज वाढतो, ओढ वाढत नाही.

थोडक्यात, पेट्रोलचा ड्रायव्हर काटा वर नेऊन ताकद काढतो. टर्बो डिझेलमध्ये 1600 ते 2800 च्या पट्ट्यात राहून काम होतं. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या इंजिनात पूर्ण टॉर्क तर 1400 ते 2200 एवढ्याच पट्ट्यात असतो.

आपल्याकडे गंमत अशी की बरेच ड्रायव्हर छोट्या हत्तीवर शिकलेले. 2005 साली आलेला टाटा एस म्हणजे 702 सीसी, दोन सिलिंडर, बिनटर्बोचं डिझेल. त्यात ताकद थोडी, पण सरळ रेषेत यायची. पाय दाबाल तेवढं मिळेल. तोच माणूस उद्या टर्बोवाल्या पिकअपवर बसतो, आणि या गाडीचा स्वभाव वेगळा आहे हे त्याला कोणीच सांगत नाही. शेठ चावी देतो आणि म्हणतो, "एव्हरेज सांभाळ."

एव्हरेजची भीती काय शिकवते?

बीबीएला आम्हाला शिकवलं होतं की जे मोजाल ते सुधारतं. दुकान चालवायला लागल्यावर दुसरी बाजू कळते. जे मोजाल तेवढंच माणूस तुम्हाला दाखवतो. पगार एव्हरेजवर टांगला की ड्रायव्हर तीन सवयी लावून घेतो.

पहिली, लवकरात लवकर टॉप गिअर. 40 च्या स्पीडला पाचवा टाकायचा आणि गाडी घुरघुरत ओढायची. त्याला वाटतं आरपीएम कमी म्हणजे डिझेल कमी. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर ते थोडंफार खरंही आहे. पण मागे माल भरलेला असताना 1200 आरपीएमवर पाय दाबला तर डिझेल जातं आणि हवा पुरेशी नसते. जळत नाही ते काळा धूर होऊन बाहेर पडतं, काजळी ईजीआरमध्ये साचते, आणि हादरे क्लच, फ्लायव्हील, माउंटिंगवर बसतात. मग गाडी ओढत नाही म्हणून हाफ क्लच. क्लच प्लेट जळाली की पुन्हा ड्रायव्हरच्याच नावाने बोंब.

दुसरी, उतारावर न्यूट्रल. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. उताराला भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही दिसतात. डिझेल वाचतं म्हणे. कॉमन रेल इंजिनात हे उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, वर सगळा भार ब्रेकवर. डिझेलचं इंजिन ब्रेकिंग तसंही पेट्रोलपेक्षा कमी असतं. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर.

तिसरी सवय सगळ्यात वाईट. ओव्हरटेक करताना खालचा गिअर न टाकणं, कारण काटा वर गेला की एव्हरेज पडेल. दोन पदरी रस्ता, पुढे ट्रेलर, गाडी पाचव्यात, काटा 1300 वर. ड्रायव्हर बाहेर निघतो, पाय दाबतो आणि काहीच होत नाही. टर्बो जागा व्हायला समजा दोन सेकंद गेले. तुमची गाडी 60 वर, समोरून येणारीही 60 वर. एका सेकंदाला दोघांमधलं अंतर सुमारे 33 मीटरने कमी होतं. दोन सेकंदांत 66 मीटर गेले, आणि तुम्ही अजून ट्रेलरच्या मागच्या चाकालाच आहात. त्या क्षणाला तुमच्या लॉगबुकमधल्या 14 च्या आकड्याला काय अर्थ उरतो?

मग चालवायची कशी?

ड्रायव्हरला शेजारी बसवा आणि एवढंच शिकवा.

1. सकाळी सेल्फ मारल्यावर अर्धा मिनिट रेस न देता उभं राहायचं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल पोहोचू द्या.

2. पाय दाबण्याआधी काटा बघायचा. 1500 च्या खाली असेल तर आधी गिअर उतरवायचा, मग पाय.

3. ओव्हरटेकला आधी मागे थोडं अंतर ठेवायचं, खालचा गिअर टाकायचा, काटा 2000 च्या आसपास आणायचा आणि मगच बाहेर निघायचं. जागा नसेल तर मागेच राहायचं. टर्बो जोर देईल या भरवशावर बाहेर पडायचं नाही.

4. चढाला गाडी दम टाकेपर्यंत थांबायचं नाही. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर.

5. ट्रॅफिकमध्ये पाय पिसासारखा. पहिल्या-दुसऱ्यात टर्बो एकदम उठतो आणि गाडी उडी घेते. नवापूर नाक्याच्या गर्दीत ती उडी पुढच्या रिक्षाला महागात पडते.

6. हायवेवरून किंवा घाट चढून आलात तर इंजिन लगेच बंद करायचं नाही. मिनिटभर आयडल. टर्बो तापलेला असताना बंद केलं तर तेल जागेवरच जळून कडक होतं.

"सर, आमच्या पोराला आरपीएम वगैरे कळत नाही," असं म्हणाल. मीटरच्या काचेवर 1600 ते 2800 एवढ्या भागावर हिरवी चिकटपट्टी लावा. हिरव्यात राहा, एवढं कोणालाही कळतं. काही पिकअपला काटाच नसतो, तिथे कान. आवाज दबका, जड आणि अंगाला हादरा जाणवला की गिअर उतरवायचा.

आता हिशोब करू

तुमची गाडी महिन्याला 1500 किलोमीटर फिरते. एव्हरेज 15 ऐवजी 14 आलं. 100 लिटरच्या जागी 107 लिटर लागले. डिझेल 90 रुपये धरा. फरक साधारण 640 रुपये. यासाठी तुम्ही पगार कापता, आणि ड्रायव्हर गाडी घुरघुरत ओढायला लागतो. क्लचचा एक सेट बसवला, गाडी दोन दिवस गॅरेजला राहिली, त्या दोन दिवसांत भाड्याची गाडी लावावी लागली, की असे कितीतरी महिन्यांचे 640 एका झटक्यात जातात. टर्बो गेला तर विचारूच नका.

यावर एक रास्त प्रश्न येतो. "आमचं मार्जिन आधीच पातळ, मग एव्हरेज बघायचंच नाही का?" बघायचं. डिझेल चोरी होते, तीही याच आकड्यातून कळते. फक्त बघण्याची रीत बदला. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजा. रूट आणि माल सारखा असेल तरच तुलना करा. बोईसर ते चिल्हार फाटा आणि पुढे हायवे, ही एक ट्रिप. जव्हारचा घाट चढून माल पोहोचवणं, ही दुसरी. दोन्हींना एकच आकडा लावणं म्हणजे ड्रायव्हरवर अन्याय. आणि एव्हरेज पडलं तर आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि ओव्हरलोड तपासा. या तिन्ही गोष्टी बहुतेक ठिकाणी शेठच्या हातात असतात, ड्रायव्हरच्या नाही.

बोनस द्यायचाच असेल तर क्लच किती किलोमीटर टिकला, ब्रेक लायनर किती टिकले, वर्षात एकही घासाघाशी झाली नाही, यावर द्या. तो आकडा सुधारायला ड्रायव्हरला गाडी चांगलीच चालवावी लागते, दुसरा मार्ग नाही.

आणि काही धंद्यांना ही गाडी नकोच

शेवटचा मुद्दा नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं तरी सलग, एका स्पीडला पळायला हवी. तुमची डिलिव्हरी स्टेशन ते एमआयडीसी, चार-पाच किलोमीटर, दर कंपनीच्या गेटवर थांबा, अशी असेल तर फिल्टर तुंबेल, दिवा लागेल आणि गाडी पॉवर कमी करेल. ड्रायव्हर कितीही हुशार असो, तो काही करू शकत नाही. अशा कामाला सीएनजी किंवा इलेक्ट्रिक बघा. रोज हायवेला गुजरात किंवा ठाण्याकडे पळणार असाल, भरलेला माल असेल, तिथे टर्बो डिझेलला आजही तोड नाही.

या आठवड्यात एक काम करा. एक दिवस दुकान दुसऱ्यावर सोपवा आणि आपल्याच गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून पूर्ण ट्रिप मारा. ओरडायला नाही, बघायला. काटा कुठे असतो, गिअर कधी पडतो, उतारावर हात न्यूट्रलकडे जातो का. आणि तो तसं का करतो हे त्याला विचारा. तुमच्याच एखाद्या नियमाचं नाव निघालं तर तो नियम त्याच दिवशी काढून टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गाडी हिरव्या पट्टीत ठेवा.