कोयत्याच्या पुढचं कोण दाखवणार?

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मागोमाग कॅमेरेवालेही येतील. उचल, कोयता, कोपी. दाखवायलाच पाहिजे, त्यात खोटं काही नाही. पण त्याच बाईला जात्यावरच्या किती ओव्या येतात, तांड्यावरच्या म्हातारीला लग्नातला ढावलो अख्खा पाठ आहे का, हे कुणी विचारत नाही.

कॅनडाच्या उत्तरेला इनुइट लोक राहतात. १९२२ साली रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन माणसानं त्यांच्यावर 'नानूक ऑफ द नॉर्थ' काढला. जगभर गाजला. तिथले शिकारी तोवर बंदुका वापरायला लागले होते, तरी ह्यानं त्यांच्या हातात भाले दिले. का, तर जुनं दिसलं पाहिजे! नायकाचं खरं नावही पडद्यावर आलं नाही. पुढं त्याच समाजातल्या झकारियस कुनुकनं दगडात कोरलेल्या मूर्ती विकून १९८१ साली स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. म्हाताऱ्यांकडून ऐकलेली दंतकथा आपल्याच भाषेत चित्रित केली. २००१ साली त्या 'अटानार्जुआट'ला थेट कानच्या महोत्सवात बक्षीस मिळालं.

एवढं लांब कशाला? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव बायांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. १९९६ ला आपल्या शेजारच्या माजलगावात बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर गाणारणीच्या नावा-गावासकट ऐकायला मिळतात. माजलगाव इथून किती लांब आहे हो?

माझी आजी पहाटे गायची. आम्ही पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. ती गेली, आता एक ओळ धड आठवत नाही. तेव्हा घरात टेप होता, त्यावर पिक्चरची गाणी वाजायची. दोष कुणाला द्यायचा?

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कुनुकसारखं काही विकायची गरज नाही. टोळ्या जायच्या आधी एक दुपार काढा. आधी आजीला विचारा, ती हो म्हणाली तरच मोबाईल सुरू करा. तिचं नाव, माहेर, गाणं कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. गोरबोलीत असेल तर अर्थ तांड्यावरच्याच पोरांकडून लिहून घ्या. अन् कृपा करून खाली डीजेचं म्युझिक लावू नका.

कुणी आधीच असं काही रेकॉर्ड करून ठेवलं असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. मी येतो, पेनड्राइव्ह माझा.